जॉर्ज कुल्टहार्डची फुटबॉल कारकीर्द : गोलांचे आकडे जुळत नाहीत, नोंद कशी करावी?

मैदानवाचक यांनी लिहिलेला धागा

नमस्कार मंडळी. मराठी विकिपीडियासाठी ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या सुरुवातीच्या खेळाडूंवर लेख लिहायचे ठरले आहे. पहिला लेख मेलबर्नच्या कार्लटन क्लबच्या जॉर्ज कुल्टहार्डवर आहे. क्रिकेटच्या इतिहासात तो 1879 च्या सिडनी दंगलीतला पंच म्हणून ठाऊक असतो, पण मला त्याची फुटबॉलची कारकीर्द नीट मांडायची आहे. एवढी माहिती पक्की आहे: जन्म 1 ऑगस्ट 1856, व्हिक्टोरियातल्या बुरुंडारा भागात. कार्लटनकडून 1876 ते 1882. व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनमध्ये, म्हणजे व्हीएफएमध्ये, 1878, 1879 आणि 1880 अशी सलग तीन वर्षं सर्वाधिक गोल. मृत्यू 22 ऑक्टोबर 1883, क्षयाने, वय 27.

पुढे मात्र अडतंय.

एक, त्याच्या गोलांचे आकडे दर ठिकाणी वेगळे दिसतात. एकाच मोसमाचे दोन-तीन आकडे मिळतात आणि खरा कुठला ते ठरत नाही.

दोन, जुन्या बातम्यांत ‘गोल’सोबत ‘बिहाइंड’ही दिलेले असतात. आजच्या हिशेबाने गुण काढले, तर काही सामन्यांत हरलेला संघ जिंकलेला दिसतो!

तीन, सामने किती खेळला हे कसं मोजायचं? आणि तीन वर्षं सर्वाधिक गोल करूनही त्या तीनपैकी एकाही वर्षी कार्लटनकडे अजिंक्यपद का नाही?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

स्कोअरवही यांचा प्रतिसाद

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो सुटला की पहिल्याचं अर्धं उत्तर आपोआप मिळतं.

गोलाला 6 आणि बिहाइंडला 1 हा हिशेब 1897 पासूनचा, व्हीएफएल (व्हिक्टोरियन फुटबॉल लीग) सुरू झाली त्या वर्षीचा. कुल्टहार्ड त्याच्या 14 वर्षं आधी वारला. त्याच्या काळात निकाल फक्त गोलांवर लागायचा. गोल सारखे झाले की सामना बरोबरीत, मग बिहाइंड कोणाचे कितीही असोत. बिहाइंड वर्तमानपत्रं छापत होती ती खेळ कुणाच्या बाजूने झुकला होता हे वाचकाला कळावं म्हणून. गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना 20-20 यार्डांवर आणखी एकेक खांब असे. चेंडू गोलखांब आणि त्या बाहेरच्या खांबामधून गेला की ‘बिहाइंड’.

समजा, निकाल असा छापला आहे: एका संघाचे 2 गोल 4 बिहाइंड, दुसऱ्याचा 1 गोल 17 बिहाइंड. (आकडे फक्त समजावण्यासाठी घेतले आहेत.) त्या दिवशी पहिला संघ जिंकला. आजचे गुण लावलेत तर 16 विरुद्ध 23 होतात आणि दुसरा जिंकल्यासारखा दिसतो. विकिपीडियावरच्या तक्त्यात कुणीतरी प्रेमाने गुणांचा रकाना जोडतो आणि इतिहासच उलटा होतो. 1897 च्या आधीच्या कुठल्याही सामन्याला गुणांचा रकाना देऊ नका, ही कळकळीची विनंती.

याच कारणाने त्या काळच्या गोलांची संख्या आज फार लहान वाटते. संघांचे मिळून तीन-चार गोल झाले तरी भरपूर. 1 जुलै 1879 रोजी ईस्ट मेलबर्नच्या मैदानावर व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया यांच्यात पहिला आंतरवसाहती सामना झाला, तो व्हिक्टोरियाने 7-0 असा जिंकला आणि त्या काळाच्या मानाने तो एकतर्फी धुव्वा होता. अशा काळात जो माणूस जवळपास दर सामन्याला एक गोल करतो, तो आपल्या संघाच्या विजयाचा मोठा हिस्सा एकटा उचलत असतो. कुल्टहार्डचे गोल वाचताना तेवढ्याच सामन्यांत कार्लटनचे एकूण गोल किती झाले ते शेजारी लिहा. वाचकाला त्याची खरी उंची त्यातून कळेल.

---

जुनीपानं यांचा प्रतिसाद

स्कोअरवहींनी हिशेबाचं चोख सांगितलं. आकडे का जुळत नाहीत, ते मी लिहिते.

त्या काळी खेळाडूच्या पाठीवर क्रमांक नव्हते. ते यायला 1911-12 साल उजाडलं. वीस विरुद्ध वीस, म्हणजे चाळीस माणसं एका मोठ्या लंबगोल मैदानावर, आणि बातमीदार एका कडेला. थंडीतली दुपार, चिखल, संध्याकाळी अंधारून येतंय, एका संघाचे सगळे एकाच रंगाच्या जर्सीत. गोल गर्दीतून झाला तर कुणाच्या पायाने झाला हे दोन बातमीदारांना दोन तऱ्हेने दिसणारच. काही वेळा तर गोलाला नावच नसतं, ‘कार्लटनने दुसरा गोल केला’ एवढंच असतं. हे बिननावी गोल संशोधक कुणाच्या खात्यात टाकतो, यावर बेरीज बदलते.

दुसरं कारण त्याहून मोठं आहे आणि त्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. तेव्हा सगळे सामने बरोबरीच्या क्लबांमध्ये होत नसत. मोठा क्लब आपले 20 खेळाडू उतरवायचा आणि समोर लहान, कनिष्ठ क्लबाला 23 किंवा 25 माणसं घेऊ द्यायचा. यात गोल भरपूर व्हायचे. काही याद्यांत हे गोल धरलेले आहेत, काहींत नाहीत. तुम्हाला एकाच मोसमाचे दोन आकडे मिळतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. लेखात कुठलाही आकडा देताना ‘वरिष्ठ क्लबांविरुद्ध’ की ‘सर्व सामने’ हे लिहिल्याशिवाय तो आकडा अर्धवटच.

आता पद्धत. सगळं काम ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या मोफत संग्रहातून होतं. सामने बहुतेक शनिवारी, त्यामुळे ‘आर्गस’ आणि ‘एज’ या दैनिकांचे सोमवारचे अंक आधी घ्या. मग ‘ऑस्ट्रेलेशियन’ आणि ‘लीडर’ ही साप्ताहिकं पाहा. ती पुढच्या शनिवारची तारीख घेऊन येतात, म्हणजे सामन्यानंतर सात दिवसांनी. इथे नवखे गडी हमखास घसरतात: अंकाची तारीख सामन्याची तारीख म्हणून लिहितात आणि एकच सामना दोनदा मोजला जातो. कुणाच्या सामन्यांची संख्या अवास्तव मोठी वाटली तर आधी हीच चूक शोधा. मोसम साधारण मेपासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत. 24 मेला राणीच्या वाढदिवसाची सुट्टी असे आणि तेव्हा आठवड्याच्या मध्येच सामने होत, ते सुटू देऊ नका.

शोधताना नाव वेगवेगळ्या तऱ्हेने टाकून पाहावं लागतं. यंत्राने वाचलेल्या जुन्या छपाईत ‘कुल्टहार्ड’चं काहीही होतं: शेवटच्या ‘डी’चा ‘टी’, मधला ‘एच’ गायब, ‘ए’च्या जागी ‘एन’. ओळ संपताना शब्द तुटला असेल तर अर्धं नाव एका ओळीत, अर्धं दुसऱ्या. म्हणून नुसतं नाव शोधू नका. ‘कार्लटन’ आणि समोरच्या क्लबाचं नाव टाका, तारखांची मर्यादा त्या एका आठवड्याची ठेवा आणि अख्खा स्तंभ डोळ्यांनी वाचा. वेळ जास्त लागतो, पण त्याला पर्याय नाही. चुकीचं वाचलेलं नाव दिसलं तर तिथल्या तिथे मजकूर दुरुस्त करता येतो, तेही करा, पुढच्या माणसाचा शोध सोपा होईल.

कोरी वही किंवा तक्ता घ्या आणि दर सामन्याला एक ओळ द्या: तारीख, मैदान, समोरचा क्लब, दोन्ही बाजूंचे खेळाडू किती, दोन्ही बाजूंचे गोल, कुल्टहार्डचे गोल, तो कुठल्या जागेवर खेळला, कुठल्या पत्रात. दोन पत्रांत फरक असेल तर दोन्ही आकडे लिहा, सरासरी काढू नका आणि मोठा आकडा आवडला म्हणून तोच घेऊ नका. मोसम संपल्यावर साप्ताहिकांत गोल करणाऱ्यांच्या याद्या येतात. त्या तुमच्या बेरजेशी ताडून पाहा. फरक एक-दोनचा असेल तर बिननावी गोल कारणीभूत असतात, चार-पाचचा असेल तर कनिष्ठ क्लबांचे सामने मिसळलेले असतात.

---

मैदानवाचक

फार मोलाची माहिती. जुनीपानं, एक शंका. बातमीत फक्त आडनाव असतं, आद्याक्षर नसतं. संघात दुसरा कुल्टहार्ड असेल तर?

आणि सामने मोजताना संघाची यादीच छापलेली नसेल तर काय करायचं?

---

जुनीपानं

सामन्याच्या आधी, शुक्रवारच्या किंवा शनिवारच्या दैनिकात क्लब आपले निवडलेले खेळाडू जाहीर करत. त्या यादीवर मात्र सामना मोजू नका. यादीत वीसहून जास्त नावं असतात, कारण कोण येईल कोण नाही याची खात्री नसे. सगळे हौशी होते, कामधंदा सांभाळून येणारे. सामन्याच्या वर्णनात नाव आलं तर ‘नक्की खेळला’, फक्त आधीच्या यादीत असेल तर ‘बहुधा खेळला’ असे दोन वेगळे रकाने ठेवा. बेरीज देताना पहिल्याचीच द्या. आद्याक्षराचंही तसंच, ते आधीच्या यादीत मिळालं तर उत्तम. दोन आद्याक्षरं दिसली तर त्या मोसमाची ओळ स्वतंत्र ठेवा आणि घाईने एकत्र करू नका.

---

यारातीर यांचा प्रतिसाद

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण त्यावर बरेच लेख चुकतात.

व्हीएफए 1877 च्या मे महिन्यात स्थापन झाली आणि त्याच वर्षीचं पहिलं अजिंक्यपद कार्लटनने मिळवलं. कुल्टहार्ड त्या संघात होता. पुढची तीन वर्षं, 1878, 1879, 1880, तिन्ही जीलाँगची. 1881 मध्ये साउथ मेलबर्न, 1882 मध्ये पुन्हा जीलाँग. कार्लटनला दुसरं अजिंक्यपद 1887 मध्ये मिळालं. तोवर कुल्टहार्डला जाऊन चार वर्षं झाली होती.

इथे आजचा गुणतक्ता डोळ्यांसमोर आणू नका. ठरलेलं वेळापत्रक नव्हतं, क्लबांचे सचिव आपापसात पत्रं पाठवून सामने ठरवत. कुणाचे सामने जास्त, कुणाचे कमी. त्यातून श्रेष्ठ कोण हे हार-जीत पाहून, सगळ्यांच्या मान्यतेने ठरायचं. अजिंक्यपदासाठी गुण देण्याची रीतसर पद्धत 1888 ची. म्हणून ‘कार्लटन 1879 मध्ये इतक्या गुणांनी दुसरा’ असं वाक्य कुठे दिसलं तर ते नंतर कुणीतरी रचलेलं आहे असं समजा.

एकटा माणूस सर्वाधिक गोल करतो आणि त्याचा संघ जिंकत नाही, यात नवल काही नाही. जीलाँगचं बळ सगळ्या संघात वाटलेलं होतं, त्यांचा खेळ धावत, लहान किकने चेंडू पुढे सरकवण्याचा होता. गोल अनेकांच्या पायातून यायचे, त्यामुळे यादीत एक नाव वर येत नसे. सर्वाधिक गोलांची यादी संघाचा दर्जा सांगत नाही. एका संघात गोल करण्याची जबाबदारी किती जणांत वाटली होती, एवढंच तिच्यातून कळतं.

---

स्कोअरवही

यारातीर यांच्या मुद्द्याला जोडून, तो कुठे उभा राहायचा तेही लेखात हवं. या खेळात ऑफसाइड कधीच नव्हता. त्यामुळे एक माणूस समोरच्या गोलाजवळ ठाण मांडून बसू शकायचा, त्याला ‘गोलस्नीक’ म्हणत. चेंडू जिथे जाईल तिथे धावत राहणारे, गर्दीत घुसणारे ते ‘फॉलोअर’. बाकीचे आपापल्या जागेवर. नुसता गोलस्नीक असेल तर गोल जास्त, पण सामन्यावर पकड नाही. कुल्टहार्डची ख्याती अशी की तो मागे, मध्ये, पुढे कुठेही खेळायचा आणि गरज पडेल तशी जागा बदलायचा. मागे खेळलेल्या सामन्यांत त्याचे गोल शून्य असणारच. तक्त्यात जागेचा रकाना जुनीपानंनी सांगितलाय तो यासाठी सोन्याच्या मोलाचा आहे. पुढच्या फळीत खेळलेल्या सामन्यांवरच गोलांचा दर काढलात तर तो एकदम उंच दिसतो, आणि तोच न्याय्य आहे.

गोल कसा व्हायचा हेही दोन ओळींत लिहा, नाहीतर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर फुटबॉलची जाळी येते. इथे जाळी नाही, आडवा खांबही नाही. रग्बीसारखा लांबट चेंडू. किक मारलेला चेंडू हवेतच झेलला की तो ‘मार्क’. झेलणारा टाचेने जमिनीवर खूण करतो, समोरचा गडी त्या खुणेवर उभा राहतो, आणि झेलणाऱ्याला त्याच्या मागून मोकळी किक मिळते. प्लेस किक घ्यायची तर टाचेने गवत उकरून लहानसा खळगा करायचा, चेंडू त्यात उभा रोवायचा, किंचित गोलाच्या बाजूला कललेला, मग चार-पाच पावलं मागे जाऊन धावत यायचं. पावसाळी दिवशी खळग्यात पाणी साचतं, चेंडूचं कातडं भिजून जड होतं आणि किक आखूड पडते. ड्रॉप किकमध्ये चेंडू जमिनीला टेकतो त्याच क्षणी पाय लागायला हवा. चिखलात तो उसळतच नाही, म्हणून अशा दिवशी पंट, म्हणजे जमिनीला टेकायच्या आत मारलेली किक, बरी. बातम्यांत किकचा प्रकार बहुधा दिलेला असतो, तो टिपून ठेवा.

चेंडू हातात घेऊन धावायचं तर दर 5-6 यार्डांवर तो जमिनीवर टप्पा देऊन परत घ्यायचा, हा नियम 1866 चा. लांबट चेंडूचा टप्पा सरळ परत येत नाही, टोकावर आपटला तर भलतीकडेच पळतो. धावत धावत हे करणाऱ्याचं कौशल्य काय असेल ते यावरून कळावं.

---

तिसरापंच यांचा प्रतिसाद

मैदानवाचक, क्रिकेट वगळू नका. क्रिकेटशिवाय या माणसाची फुटबॉल कारकीर्द समजतच नाही, कारण पोट क्रिकेटवर चालायचं. फुटबॉलमध्ये पैसे घेण्याला व्हीएफएची बंदी होती. व्हीएफएलने खेळाडूंना पैसे द्यायला अधिकृत मान्यता दिली ती 1911 मध्ये. कुल्टहार्ड मेलबर्न क्रिकेट क्लबाच्या नोकरीत होता, मैदानावरचा गोलंदाज म्हणून. सभासदांना सरावाला गोलंदाजी टाकायची, हे काम. म्हणजे उन्हाळाभर पगारी क्रिकेटवाला आणि हिवाळ्यात बिनपगारी फुटबॉलवाला. हे लिहिलंत की दोन खेळांचं कोडं सुटतं.

लॉर्ड हॅरिसचा इंग्लिश संघ 1878-79 मध्ये आला, तेव्हा मेलबर्न क्लबाच्या शिफारशीवरून त्याने कुल्टहार्डला पंच म्हणून बरोबर घेतलं. तेव्हा पाहुणा संघ आपला पंच आपणच आणायचा. 2 जानेवारी 1879 ला मेलबर्नला सुरू झालेल्या कसोटीत तो पंच होता. कसोटी क्रिकेटमधली पहिली हॅटट्रिक याच सामन्यातली, ऑस्ट्रेलियाच्या स्पॉफर्थची: रॉयल, मॅकिनन, एमेट.

आता 8 फेब्रुवारी 1879, सिडनीचं असोसिएशन ग्राउंड, म्हणजे आजचं सिडनी क्रिकेट ग्राउंड. समोर न्यू साउथ वेल्स. हॅरिसच्या संघाच्या 267 धावा, न्यू साउथ वेल्स 177, त्यात बिली मर्डॉक नाबाद 82. 90 धावांची पिछाडी आणि तेव्हा 80 च्या वर पिछाडी असेल तर फॉलोऑन सक्तीचा. दुसऱ्या डावात मर्डॉक 10 वर असताना कुल्टहार्डने त्याला धावबाद दिलं. प्रेक्षकांत पैज लावणारेही होते, शिवाय पंच मेलबर्नचा, म्हणजे शत्रुपक्षाचा. लोक मैदानात घुसले. हॅरिसवर काठीचा फटका बसला. त्याच्याच संघातल्या हॉर्नबीने मारणाऱ्याला धरून ओढत नेलं, त्यात त्याचा शर्ट फाटला. न्यू साउथ वेल्सचा कर्णधार डेव्ह ग्रेगरी पंच बदलायला सांगत होता, हॅरिसने ठाम नकार दिला. दुसरा पंच होता एडमंड बार्टन, जो पुढे ऑस्ट्रेलियाचा पहिला पंतप्रधान झाला. त्याने कुल्टहार्डचा निर्णय योग्य असल्याचं हॅरिसला सांगितलं. त्या दिवशी पुढे खेळ झाला नाही. रविवारी पाऊस पडला, सोमवारी ओल्या खेळपट्टीवर न्यू साउथ वेल्स 49 वर संपला. डाव आणि 41 धावांनी हार.

हे लिहिताना एक भान ठेवा. त्या दिवशी तो 22 वर्षांचा होता. त्याच वर्षी, फुटबॉलच्या मोसमात तो पुन्हा व्हीएफएत सर्वाधिक गोल करणारा ठरला. दंगलीवर चार परिच्छेद आणि त्या मोसमावर एक ओळ, असं वाटप करू नका. बहुतेक इंग्रजी लेखांत नेमकं तेच झालंय आणि म्हणून हा माणूस अर्धा हरवलाय.

मुंबईच्या वाचकासाठी एक खरा धागा आहे. हाच लॉर्ड हॅरिस 1890 ते 1895 मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. शाळकरी क्रिकेटची हॅरिस शील्ड त्याच्याच नावाची, जिच्यात 1988 मध्ये तेंडुलकर-कांबळींची 664 धावांची नाबाद भागी झाली. कुल्टहार्डच्या पाठीशी उभा राहिलेला कर्णधार तो हाच, एवढं एका वाक्यात सांगितलंत की पुरे.

---

मैदानवाचक

तिसरापंच, आभार. 1882 मध्ये त्याच्यावर बंदी आली असं वाचलं. त्याने कारकीर्द संपली की आजाराने? आणि तो कसोटीही खेळला होता ना?

---

यारातीर

1882 मध्ये हॉथमविरुद्धच्या सामन्यात जोई टँकार्ड या त्यांच्या खेळाडूशी त्याची मारामारी झाली आणि व्हीएफएने बंदी घातली. हॉथम म्हणजे आजचा नॉर्थ मेलबर्न क्लब. त्याच जुन्या नावाने शोधा, नाहीतर काही सापडणार नाही. त्यानंतर तो कार्लटनकडून परतला नाही आणि पुढच्या वर्षी क्षयाने गेला. ‘बंदीमुळे कारकीर्द संपली’ किंवा ‘आजारामुळे संपली’ असं एकच कारण ठोकून लिहू नका. तारखा ओळीने मांडा: बंदी 1882, मृत्यू 22 ऑक्टोबर 1883. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला तो 1882 च्या मार्चमध्ये, आणि त्यावर गुण देणारं औषध यायला अजून साठ वर्षं लागणार होती. मेहनती खेळाडूचं वजन आणि दम दोन्ही हा आजार आधी खातो. म्हणून शेवटच्या मोसमाचे आकडे आधीच्या तीन मोसमांच्या शेजारी ठेवताना सरसकट सरासरी काढू नका, 1878 ते 1880 वेगळे आणि त्यानंतरचे वेगळे ठेवा.

एक छोटी सूचना आणखी. 1877 च्या जूनमधला कार्लटनचा सिडनी दौरा सामन्यांच्या मोजणीत वेगळा ठेवा. वाराटा क्लबाशी दोन सामने झाले, एक रग्बीच्या नियमांनी, तो वाराटाने जिंकला, आणि एक व्हिक्टोरियन नियमांनी, तो कार्लटनने. पहिल्यातली कुठलीच कामगिरी फुटबॉलच्या बेरजेत टाकता येणार नाही. काही जुन्या बेरजांत दोन्ही सामने मोजलेले असतात.

---

तिसरापंच

कसोटीचं मी सांगतो. एकच खेळला. 17 फेब्रुवारी 1882 पासून, सिडनीला, इंग्लंडविरुद्ध. अकराव्या क्रमांकावर नाबाद 6, गोलंदाजी मिळाली नाही. इंग्लंड 133 आणि 232, ऑस्ट्रेलिया 197 आणि 5 बाद 169, ऑस्ट्रेलिया पाच गडी राखून विजयी. आधी कसोटीत पंच आणि नंतर कसोटीत खेळाडू, असा उलटा क्रम क्वचितच कुणाच्या वाट्याला आला असेल.

मैदान तेच असोसिएशन ग्राउंड, जिथे तीन वर्षांपूर्वी गर्दी त्याच्यावर धावून आली होती. या मैदानावरची ही पहिलीच कसोटी. आणि ऑस्ट्रेलियाचा कर्णधार होता बिली मर्डॉक.

---

जुनीपानं

मैदानवाचक, तक्ता तयार झाला की आधी फक्त 1879 चा मोसम इथे टाका. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारपासून सुरू करा, प्रत्येक ओळीत दोन पत्रांचे आकडे शेजारी शेजारी. कनिष्ठ क्लबांच्या ओळींसमोर ‘20 विरुद्ध 23’ अशी खूण असू द्या. बिननावी गोल कुठले ते आपण एकेक करून तपासू.